निकाल लागला म्हणजे शांतता येते का?

(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षेप करून.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढचा विषय वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मी मघाशी चहाच्या वेळी पाहिलं. जेवणाआधी गाझा कशाला, असंही एकानं विचारलं. पण कारण तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या दोन वर्षांत आपल्या व्हॉट्सअॅप गटावर सगळ्यात जास्त भांडणं याच विषयावरून झाली. कुणी इस्रायलच्या बाजूनं, कुणी पॅलेस्टाईनच्या बाजूनं, आणि शेवटी दोघं जण गट सोडून गेले. पंचेचाळीस वर्षांची मैत्री, आणि वाद अशा देशावरून, जिथे आपल्यापैकी बहुतेकांनी पाऊलही टाकलेलं नाही. म्हणून संयोजक मला म्हणाले, तू आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलंस, तर यावर एकदा शांतपणे बोल. कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा मी आज करणार नाही. एकाच प्रश्नापुरतं बोलणार आहे.

तो प्रश्न असा. वाद कुठूनही सुरू झाला तरी शेवटी दोनपैकी एका वाक्यावर येतो. एक म्हणतो, ‘तिकडे निवडणूक होऊ दे, सरकार बदललं की सगळं सुरळीत होईल.’ दुसरा म्हणतो, ‘कुणीही निवडून आलं तरी काही फरक पडत नाही.’ मला ही दोन्ही वाक्यं अर्धवट वाटतात. निकालानं फरक पडतो, खूप पडतो. पण मतमोजणीच्या रात्री टीव्हीवर जो जिंकलेला चेहरा दाखवतात, तेवढ्यावरून तो फरक कळत नाही. सरकार कुणाच्या टेकूवर उभं राहिलं, कुणाची मतं वाया गेली, आणि पलीकडच्या माणसाला मत द्यायला मिळालं की नाही, यावरून तो कळतो.

लांबच्या निवडणुकीचा परिणाम कसा होतो, हे आपल्याला परक्या उदाहरणावरून शिकायची गरज नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या, तेव्हा आपण चार-पाच वर्षांचे होतो. भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. १९६३ च्या करारानुसार त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही तीस वर्षं अमेरिकाच पुरवणार होती. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली आणि अमेरिकेत कुरबुर सुरू झाली. नोव्हेंबर १९७६ मध्ये जिमी कार्टर अध्यक्ष म्हणून निवडून आले. अण्वस्त्रांचा प्रसार रोखणं हा त्यांच्या प्रचारातला एक ठळक मुद्दा होता. मार्च १९७८ मध्ये त्यांनी एका कायद्यावर सही केली. ज्या देशाच्या सगळ्या अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी होत नाही, त्याला इंधन द्यायचं नाही, असा त्याचा गाभा. आपल्या सरकारला ती अट मान्य नव्हती. तारापूरचं इंधन अडकलं. वसाहतीतल्या ज्या मुलांचे वडील केंद्रात नोकरीला होते, त्यांच्या घरी तेव्हा हाच विषय असायचा.

पुढचं ऐका. निवडून येताना एक बोललेले हेच कार्टर, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्यावर, १९८० मध्ये स्वतःच म्हणू लागले की भारताला इंधन पाठवा. त्यांच्या प्रतिनिधिगृहानं विरोध केला. आपली दहावी होऊन गेली होती, त्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये तारापूरच्या ३८ टन इंधनावर मतदान झालं. ४८ विरुद्ध ४६. दोन मतांनी इंधन सुटलं. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सनं इंधन पुरवायचं ठरलं आणि तो गुंता तेवढ्यापुरता मिटला. म्हणजे निवडणुकीनं धोरण बदललं, पण जिंकणाऱ्यानं प्रचारात जे सांगितलं होतं तेच शेवटपर्यंत टिकलं असं झालं नाही. परिस्थितीनं त्यालाही वाकवलं. आणि शेवटचा शब्द सभागृहातल्या दोन मतांचा ठरला.

आता त्याच कार्टर यांच्याबरोबर पश्चिम आशियात जाऊ. १९७७ साल हे तीन निवडणुकांच्या परिणामांचं साल होतं. जानेवारीत कार्टर सत्तेवर आले. मार्चमध्ये आपल्याकडे जनता पक्ष आला. मे महिन्यात इस्रायलमध्ये मेनाखेम बेगिन जिंकले. देश स्थापन झाल्यापासून तिथे मजूर पक्षाचंच राज्य होतं, ते त्या दिवशी संपलं. बेगिन हे कडवे राष्ट्रवादी. जिंकलेल्या जमिनीचा तुकडाही सोडायचा नाही, या मताचे. निकाल लागला तेव्हा जगभर हेच बोललं गेलं की आता शांतता विसरा. त्याच ऑगस्टमध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप भारतात येऊन मोरारजी देसाईंना भेटून गेले. तेव्हा आपले त्यांच्याशी पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते. ते १९९२ च्या जानेवारीत जुळले.

आणि झालं काय? त्या नोव्हेंबरात इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात स्वतः जेरुसलेमला गेले. पुढच्या सप्टेंबरात कार्टर यांनी दोघांना कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस बसवून घेतलं. मार्च १९७९ मध्ये तह झाला आणि १९८२ पर्यंत इस्रायलनं सिनाईचं अख्खं वाळवंट परत दिलं. तो तह आजही टिकून आहे. बेगिन यांच्याऐवजी मवाळ पंतप्रधान असता तर हे जमलं असतं का, याची खात्री देता येत नाही. कारण त्या मवाळ माणसाला बेगिन यांनीच रस्त्यावर उतरून विरोध केला असता. इथे एक आकडा लक्षात ठेवा. कॅम्प डेव्हिडचा करार इस्रायलच्या संसदेत मताला आला तेव्हा बाजूनं ८४, विरोधात १९ आणि तटस्थ १७. बेगिन यांच्या स्वतःच्या आघाडीतले कितीतरी जण त्यांच्याबरोबर नव्हते. करार तरला तो विरोधी बाकांवरच्या मजूर पक्षाच्या मतांवर. हरलेल्या पक्षानं त्या दिवशी जिंकलेल्या पंतप्रधानाला हात दिला.

तरी एक गोष्ट राहूनच गेली. त्याच करारात पॅलेस्टिनींच्या स्वशासनाचंही कलम होतं. ते कागदावर राहिलं. कारण ज्यांच्याबद्दल ते होतं, ती माणसं त्या खोलीत नव्हती. हा धागा मी पुढे परत घेणार आहे.

‘टेकू’ हा शब्द मी मघाशी वापरला. इस्रायलच्या संसदेत १२० जागा असतात आणि सरकार बनवायला ६१ लागतात. १९४८ पासून आजपर्यंत एकाही पक्षाला एकट्यानं ६१ मिळालेल्या नाहीत. त्यामुळे प्रत्येक सरकार आघाडीचं, आणि प्रत्येक आघाडीत पाच-सात जागांचा एखादा पक्ष असा, की तो उठला की सरकार बसलं. आपल्याला हे नवीन नाही, महाराष्ट्रात आपण कमी पाहिलेलं नाही. पण या गणिताचा चटका आपल्याच मराठी माणसांना तिथे कसा बसला, हे फार कमी जणांना माहीत आहे.

अलिबाग, पेण, रेवदंडा या भागातले बेने इस्रायल तुम्हाला ठाऊक आहेत. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून पडलेली पेणकर, केहिमकर अशी आडनावं, घरात मराठी. मुंबईत वरळीच्या ज्या डॉ. ई. मोझेस मार्गावरून आपण जातो, ते डॉ. मोझेस याच समाजातले, मुंबईचे महापौर होते. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अश्दोद, बीरशेबा, लोद, रामले, दिमोना अशा गावांत वसली. दिमोना हे नाव बोईसर-तारापूरच्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या देशाचं अणुसंशोधन केंद्र त्याच गावाजवळ आहे, आणि त्याच गावात इतके भारतीय ज्यू आहेत की त्याला ‘छोटा भारत’ म्हणतात. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही या लोकांनी त्या देशात चालवलं.

तर या लोकांवर १९६० नंतरच्या वर्षांत एक प्रसंग आला. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं रब्बींच्या अधिकृत धर्मपीठाकडेच लागतात. त्या धर्मपीठानं ठरवलं की बेने इस्रायल माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर त्याच्या घराण्याची आधी चौकशी करायची. म्हणजे दोन हजार वर्षं कोकणात धर्म सांभाळलेल्या माणसांना त्यांच्याच देशात ‘तुम्ही पक्के ज्यू का’ असं विचारलं गेलं. मजूर पक्षाच्या सरकारातल्या अनेकांना हे पटत नव्हतं. पण बहुमतासाठी धार्मिक पक्षाची साथ लागत होती आणि त्याला दुखवणं अवघड होतं. प्रकरण रेंगाळलं. शेवटी १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, वर्तमानपत्रांनी विषय उचलला, आणि ऑगस्टमध्ये संसदेनं ठराव करून सांगितलं की हे सर्व बाबतींत इतर ज्यूंसारखेच ज्यू आहेत. आपल्या भाषेत बोलणाऱ्या एका छोट्या समाजाचा लग्नाचा प्रश्न ज्या गणितात अडकला, त्याच गणितात त्या देशाचा शांततेचा प्रश्नही पुन्हा पुन्हा अडकतो.

आता १९९२ कडे या. त्या जूनमध्ये यित्झाक राबीन यांचा मजूर पक्ष ४४ जागा घेऊन आला. डाव्या मेरेट्झच्या १२ आणि अरब मतदारांवर उभ्या असलेल्या पक्षांच्या ५ धरल्या की बरोबर ६१. काठावरचं बहुमत. त्या निवडणुकीत संसदेत यायला किमान दीड टक्का मतं लागत होती. तेहिया नावाचा एक कडवा उजवा पक्ष त्या उंबरठ्याच्या आतच अडखळला आणि त्याची सगळी मतं वाया गेली. उजव्या पक्षांनी एकत्र लढायचं ठरवलं असतं तर कदाचित राबीन यांचं सरकारच आलं नसतं, आणि सप्टेंबर १९९३ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबीन आणि यासर अराफात यांचं ते हस्तांदोलनही आपण पाहिलं नसतं.

पण काठावरचं बहुमत काठावरच राहतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये ओस्लोचा दुसरा करार संसदेत ६१ विरुद्ध ५९ असा पास झाला. बेगिन यांच्या ८४ शी ताडून पाहा. विरोधक म्हणू लागले की एवढ्या मोठ्या निर्णयाला दोन मतांचा आधार? मोर्चे निघाले, राबीन यांना देशद्रोही म्हटलं गेलं, आणि ४ नोव्हेंबरला एका कडव्या ज्यू तरुणानं त्यांना गोळ्या घातल्या. त्याआधी फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रोनला नमाज पढणाऱ्या २९ पॅलेस्टिनींना एका ज्यू वसाहतवाल्यानं मारलं होतं. पुढे १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जेरुसलेम, अश्केलॉन आणि तेल अवीवमध्ये आत्मघातकी स्फोट झाले. मे महिन्यात निवडणूक होती. राबीन यांच्या जागी आलेले शिमॉन पेरेस वर्षाच्या सुरुवातीला खूप पुढे होते. शेवटी बेन्यामिन नेतान्याहू ५०.५ टक्क्यांनी जिंकले. फरक तीस हजार मतांहूनही कमी.

याचा अर्थ नीट समजून घ्या. करार नको असलेल्या दोन्हीकडच्या लोकांना निवडणुकीला उभं राहायची गरज पडली नाही. बॉम्ब आणि पिस्तूल यांनी ऐन वेळी घाबरलेल्या मतदाराला ढकललं. हेच २००१ मध्ये झालं. १९९९ मध्ये एहुद बराक यांना शांततेच्या आश्वासनावर ५६ टक्के मतं मिळाली. पुढच्या जुलैतली बोलणी फसली, सप्टेंबरात दुसरा इंतिफादा पेटला, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये त्याच मतदारांनी एरियल शेरॉन यांना ६२ टक्के दिले. लोक दीड-दोन वर्षांत बदलले नव्हते. त्यांची भीती बदलली होती. आणि गंमत पाहा, वसाहतींचे जनक म्हणवले गेलेले हेच शेरॉन २००५ मध्ये गाझातल्या सगळ्या ज्यू वसाहती उठवून बाहेर पडले. पण ते बाहेर पडणं त्यांनी समोरच्याशी करार न करता, एकतर्फी केलं. त्याची किंमत पुढे दिसली.

मघाचा धागा आता घेते. आतापर्यंत मी इस्रायलच्याच निवडणुका सांगितल्या. कारण नियमितपणे होतात त्या त्याच. पॅलेस्टिनींची पहिली सार्वत्रिक निवडणूक जानेवारी १९९६ मध्ये झाली, अराफात प्रचंड मतांनी निवडून आले. त्यांच्या मृत्यूनंतर जानेवारी २००५ मध्ये महमूद अब्बास चार वर्षांसाठी अध्यक्ष झाले. आणि २५ जानेवारी २००६ रोजी संसदेची निवडणूक झाली. हमासनं १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या, अब्बास यांच्या फताहला ४५.

सगळं जग हादरलं. पण आकडे उघडून पाहा. पक्षाच्या यादीला पडलेल्या मतांमध्ये हमासला ४४ टक्के होते आणि फताहला ४१. फरक तीन टक्के. जागांमध्ये एवढी दरी पडली ती मतदारसंघांमुळे. निम्म्या जागा मतदारसंघांच्या होत्या. तिथे हमासनं मोजून उमेदवार दिले, आणि फताहचे बंडखोर जागोजागी उभे राहून आपल्याच पक्षाची मतं खात बसले. बंडखोरी म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. फताहच्या भ्रष्टाचाराला लोक विटले होते, हेही तितकंच खरं. हमासला मत देणारा प्रत्येक जण युद्धाला मत देत होता, असं त्या निकालावरून म्हणता येत नाही. तसंच इस्रायलच्या अस्तित्वालाच नकार देणारी संघटना सत्तेवर आल्यावर कुठल्याही इस्रायली सरकारला तिच्याशी बोलणं जवळजवळ अशक्य होतं, हेही नाकारता येत नाही. मदत थांबली, दोन पॅलेस्टिनी पक्ष आपापसांत लढले, आणि जून २००७ मध्ये गाझा हमासकडे, पश्चिम किनारा अब्बासांकडे अशी फाळणी झाली.

त्यानंतर? त्यानंतर राष्ट्रीय पातळीवर निवडणूकच नाही. मे २०२१ ची तारीख ठरली होती. पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देण्याची इस्रायलकडून हमी नाही, असं कारण देऊन अब्बासांनी ती पुढे ढकलली. चार वर्षांसाठी निवडून आलेले अध्यक्ष वीस वर्षांनंतरही तिथेच आहेत. याच महिन्याच्या २ तारखेला आपल्या राज्यात नगरपरिषदांचं मतदान झालं. तीन-चार वर्षं प्रशासक बसवून ठेवले म्हणून आपण किती चिडलो होतो! तिथे २००६ साली जो मुलगा अठरा वर्षांचा होता, तो आज अडतिशीला आला. त्याच्याहून लहान एकाही पॅलेस्टिनीनं आपल्या संसदेसाठी आयुष्यात मत दिलेलं नाही. गाझाच्या लोकसंख्येत तर जवळपास निम्मी मुलं आहेत. ती त्या निवडणुकीच्या वेळी जन्मलीही नव्हती. ‘त्यांनीच हमासला निवडून दिलं’ असं आपल्या गटावर कुणी लिहितं, तेव्हा एवढा हिशेब करून मग लिहावं, ही माझी विनंती. आणि दुसऱ्या बाजूनं ‘सगळे इस्रायली तसलेच’ असं लिहिणाऱ्यांनाही पुढचा आकडा सांगते.

नोव्हेंबर २०२२. साडेतीन वर्षांतली पाचवी निवडणूक. नेतान्याहू यांच्या गटाला ६४ जागा. पण दोन्ही बाजूंच्या एकूण मतांत फरक अगदी थोडा होता. आता किमान उंबरठा सव्वातीन टक्के झालेला आहे. मेरेट्झ, जो शांततेच्या बाजूचा जुना पक्ष, त्याला ३.१६ टक्के मिळाले. चार हजारांच्या आसपास मतं कमी पडली आणि तो बाहेर. बलाद हा अरब पक्षही असाच बाहेर राहिला. डाव्या आणि अरब पक्षांनी एकत्र यायचं नाकारलं आणि १९९२ मध्ये उजव्यांचं जे झालं होतं ते आता यांचं झालं. त्याच्या आधीच्याच सरकारात एक अरब पक्ष पहिल्यांदा सत्तेच्या आघाडीत बसला होता, हेही विसरू नका. मग नव्या सरकारचा टेकू कोण? स्मोत्रिच आणि बेन ग्वीर यांची अतिउजवी यादी, १४ जागा. पहिल्याला अर्थ खातं आणि पश्चिम किनाऱ्याच्या नागरी कारभारात अधिकार, दुसऱ्याला पोलीस. पंतप्रधान तेच जुने होते. सरकार मात्र आधीच्या कुठल्याही सरकारापेक्षा वेगळं होतं.

त्यानंतरचं तुम्ही पाहिलं आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेले. नंतरच्या दोन वर्षांत गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार सत्तर हजारांवर माणसं मेली. या १० ऑक्टोबरला युद्धविराम लागू झाला, जिवंत उरलेले वीस ओलीस घरी आले, सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी सुटले. त्यामागेही एका निवडणुकीचा हात आहे, अमेरिकेतल्या २०२४ च्या. विराम आला हे चांगलंच. पण विराम म्हणजे तह नव्हे.

आपला यात काय संबंध, असं कुणी विचारेल. दोन गोष्टी सांगते. मे २०२३ मध्ये भारतातून ४२ हजार कामगार इस्रायलला पाठवायचं ठरलं, बहुतेक बांधकामावर आणि काही रुग्णसेवेसाठी. ऑक्टोबरनंतर इस्रायलनं एक लाखाहून अधिक पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबवले आणि आपल्याकडच्या भरतीला जोर आला, महाराष्ट्रातही. आपला पोरगा तिथे विटा लावतो, पगार चांगला मिळतो, त्यात त्याचा काही दोष नाही. पण त्याच्या जागी काल जो होता, तो आज कुंपणापलीकडे रिकामा बसला आहे. दुसरी गोष्ट वाढवणची. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या परिषदेत भारत–पश्चिम आशिया–युरोप मार्ग जाहीर झाला, त्यातला माल इस्रायलच्या हैफा बंदरातून जायचा आहे. महिन्याभरात युद्ध पेटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि या मार्गाचं प्रवेशद्वार म्हणूनही सरकारनं या बंदराचं नाव घेतलं आहे. बंदर हवं की नको, यावर आपल्यात दोन मतं आहेत, आणि ज्यांची घरं मासेमारीवर चालतात त्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. पण एवढं खरं की हैफात काय होतं, याचा संबंध आता आपल्या किनाऱ्याशीही लागला आहे.

येत्या वर्षात, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, इस्रायलमध्ये निवडणूक व्हायलाच हवी. निकालाच्या दिवशी आपल्या गटावर पेढेही वाटले जातील आणि शिव्याही. त्याआधी तुम्ही चार गोष्टी पाहा, एवढंच मागणं आहे. एक, ६१ कुणाच्या टेकूवर जमले आणि त्या टेकूला कोणतं खातं मिळालं. दोन, उंबरठ्याखाली कोण अडखळलं, कुणाची मतं वाया गेली. तीन, उद्या एखादा करार आलाच तर विरोधी बाकांवरून किती जण हात वर करतील. ६१ चा करार आणि ८४ चा करार यांत काय फरक पडतो, ते आपण आत्ताच पाहिलं. आणि चार, पलीकडे मतदानाची तारीख ठरते का, गाझा आणि पूर्व जेरुसलेम धरून. ज्याला मतच देता येत नाही, त्याच्या वतीनं केलेला करार पाळायला तो बांधला जात नाही. कॅम्प डेव्हिडचं ते कलम याच कारणानं कागदावर राहिलं.

या चारही गोष्टी जुळल्या म्हणजे शांतता येईलच, असं मी म्हणत नाही. मधल्या एखाद्या आठवड्यात कुणीतरी पुन्हा बॉम्ब ठेवू शकतो, कुणीतरी पुन्हा पिस्तूल काढू शकतो. तेव्हा लोक घाबरतात की धीर धरतात, हे कुठल्याच मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. निवडणूक दार उघडून देते. आत जायचं की नाही, हे नंतर ठरतं, आणि दोघांनाही ठरवावं लागतं.

नागरिकशास्त्राचा तास आपल्या शाळेत नेहमी शेवटचा असायचा आणि घंटा व्हायची वाट सगळे पाहायचे. आजही स्वयंपाकघरातून वास यायला लागला आहे. सरांनी आणि बाईंनी इतका वेळ एका विद्यार्थिनीचं शांतपणे ऐकून घेतलं, त्यांना माझा नमस्कार. प्रश्न असतील तर जेवताना जरूर विचारा, आणि पटलं नसेल तर तेही सांगा.